संघ मोडावा की राखावा?

पाठपरिचय : खेळात हार-जीत चालायचीच. पण एखादा संघ वर्षानुवर्षे हरत राहिला तर काय करावे? आहे तोच संघ पुढे न्यावा, की तो मोडून नव्याने बांधावा? अमेरिकेतील एका बैठ्या खेळाच्या निमित्ताने या पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे. पाठ वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. काही ठिकाणी हिशेब करावा लागेल.

मुलांनो, पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की तुम्ही काय करता? मागच्या बाकावर बसून पुस्तकातले क्रिकेट खेळता, हे आम्हां शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक पाहायचा. चार आला तर चौकार, सहा आला तर षटकार आणि शून्य आले तर गडी बाद! या खेळात बॅट नाही, चेंडू नाही; तरीही रंगत येते.

मात्र या खेळात एक उणीव आहे. फलंदाज सचिन तेंडुलकर असो की अकराव्या क्रमांकावर येणारा गोलंदाज असो, पुस्तक दोघांसाठी सारखेच उघडते. खेळाडूचे कौशल्य पुस्तकाला कळत नाही.

अमेरिकेतील एका मुलाला असाच प्रश्न पडला होता. त्याचे नाव हॅल रिचमन. त्याला बेसबॉलचे वेड होते. घरात बसून खेळायचे बेसबॉलचे खेळ तेव्हाही मिळत, पण त्यांत खऱ्या खेळाडूंचे गुणदोष नीट उतरत नाहीत, असे त्याला वाटे. म्हणून अकराव्या वर्षीच तो फासे आणि कागद घेऊन स्वतःचा खेळ रचू लागला. पुढे १९६१ साली त्यांनी तो खेळ बाजारात आणला. त्याचे नाव ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’. त्याआधी १९५१ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर येथून ‘अॅपबा’ नावाचा असाच एक खेळ निघाला होता. हे दोन्ही खेळ आजही खेळले जातात.

आता हा खेळ कसा चालतो ते पाहू. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू टोलवायचा आणि एकामागून एक चार बेस गाठायचे. चौथा बेस गाठला की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव दुसऱ्या संघाकडे जातो. असे नऊ डाव होतात. अमेरिकेच्या मुख्य स्पर्धेत प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असते. त्या खेळाडूने मागच्या हंगामात जशी कामगिरी केली असेल, तसे त्याचे कार्ड बनते. कार्डावर उभे रकाने असतात. फलंदाजाच्या कार्डावर १, २ आणि ३ क्रमांकाचे रकाने, तर पिचरच्या कार्डावर ४, ५ आणि ६ क्रमांकाचे. तीन फासे एकदम टाकायचे. त्यांतला एक फासा वेगळ्या रंगाचा असतो. तो रकाना सांगतो. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ सांगते. समजा, वेगळ्या फाशावर २ आले आणि बाकी दोघांची बेरीज ७ झाली, तर फलंदाजाच्या दुसऱ्या रकान्यातली सातवी नोंद वाचायची. तिथे ‘बाद’ लिहिले असेल तर तो बाद.

यात गणित कसे दडले आहे पाहा. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी ७ ही बेरीज ६ प्रकारे येते, तर २ किंवा १२ ही बेरीज प्रत्येकी एकाच प्रकारे येते. म्हणून चांगल्या फलंदाजाच्या कार्डावर ७ च्या आसपास चांगल्या गोष्टी लिहिलेल्या असतात. नशीब आहेच, पण ते कौशल्याच्या चौकटीत राहून चालते.

या खेळाचे शौकीन एकत्र येऊन आपापली साखळी स्पर्धा चालवतात. कुठे आठ जण असतात, कुठे बारा, कुठे त्याहून जास्त. प्रत्येक जण एका संघाचा व्यवस्थापक होतो. तो वेगवेगळ्या खऱ्या संघांतील खेळाडू निवडून आपला संघ तयार करतो. अनेक साखळ्यांत खेळाडू पुढच्या वर्षीही त्याच व्यवस्थापकाकडे राहतात. दरवर्षी नवोदित खेळाडूंची निवड-फेरी होते. जो संघ शेवटी आला असेल त्याला बहुधा पहिली निवड मिळते. शिवाय व्यवस्थापक आपसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. अशा साखळ्या वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, तुम्ही अशा एका साखळीत आहात. साखळीत बारा संघ आहेत. तुमचा संघ या वर्षी बारावा आला. १६२ सामन्यांपैकी तुम्ही ५८ जिंकले आणि १०४ हरलात. मागच्या वर्षी तुम्ही दहावे होता, त्याच्या आधी नववे. तुमच्याकडे एक नामांकित पिचर आहे. त्याचे वय ३३. त्याच्यामुळेच तुमचा संघ ओळखला जातो. आणि आज तुम्हांला पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या व्यवस्थापकाचे पत्र आले आहे :

‘तुमचा पिचर मला द्या. त्याच्या बदल्यात मी तुम्हांला २१ वर्षांचा एक क्षेत्ररक्षक आणि २२ वर्षांचा एक पिचर देतो. दोघेही अजून कच्चे आहेत. आठ दिवसांत कळवा.’

पत्र मान्य केले तर पुढची दोन वर्षे तुम्ही आणखी हराल, हे नक्की. मान्य केले नाही तर काय होईल? सांगता येत नाही. काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : आपली हार खरी किती आणि नशिबाची किती?

जिंकलेले सामने मोजणे सोपे असते. पण तो आकडा कधी कधी फसवतो. एखादा संघ एका धावेने दहा सामने हरतो आणि दहा धावांनी एक सामना जिंकतो. तो संघ दिसतो तितका वाईट नसतो. बिल जेम्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी यासाठी एक सोपे सूत्र दिले आहे. संघाने केलेल्या एकूण धावांचा वर्ग करा. संघाने दिलेल्या एकूण धावांचा वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्ही वर्गांच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या प्रमाणात त्या संघाने सामने जिंकायला हवेत.

आपण उदाहरण करू. समजा, तुमच्या संघाने ६०० धावा केल्या आणि ८०० धावा दिल्या. ६०० चा वर्ग ३,६०,०००. ८०० चा वर्ग ६,४०,०००. दोघांची बेरीज १०,००,०००. भागाकार ०.३६. म्हणजे शंभरांत ३६ सामने. १६२ सामन्यांत साधारण ५८. तुम्ही बरोबर ५८ जिंकलात! याचा अर्थ फाशांनी तुमचा घात केला नाही. संघच कमजोर आहे.

आता शेजारच्या संघाने ७०० धावा केल्या आणि ७०० धावाच दिल्या, पण तो फक्त ६९ सामने जिंकला, असे समजा. सूत्राप्रमाणे त्याने निम्मे, म्हणजे ८१ सामने जिंकायला हवे होते. त्या व्यवस्थापकाने संघ मोडला तर तो चूक करील. त्याला नव्या संघाची नव्हे, थोड्या धीराची गरज आहे. दोघेही हरले, पण दोघांना औषध वेगळे. दुखणे न ओळखता औषध देणारा वैद्य काय कामाचा?

दुसरा प्रश्न : आपले खेळाडू उद्या कसे असतील?

टेबलावरच्या बेसबॉलमध्ये एक गंमत आहे आणि धोकाही आहे. तुमच्या हातातले कार्ड मागच्या हंगामाचे असते. तुम्ही ते कार्ड घेऊन या वर्षी खेळत असता, त्याच वेळी तो खरा खेळाडू मैदानावर तुमचे पुढच्या वर्षीचे कार्ड लिहीत असतो. कार्डावर काल छापलेला असतो. उद्या छापलेला नसतो.

सँडी कूफॅक्स या महान पिचरचे उदाहरण घ्या. १९६६ च्या हंगामात तो २७ सामने जिंकला आणि फक्त ९ हरला. तेव्हा त्याचे वय ३० होते. त्या कामगिरीवर बनलेले कार्ड १९६७ साली ज्याच्याकडे असेल, त्याला केवढा आनंद झाला असेल! पण कूफॅक्सच्या कोपराला संधिवात झाला होता. हात कायमचा निकामी होऊ नये म्हणून नोव्हेंबर १९६६ मध्येच त्याने खेळ सोडला होता. म्हणजे टेबलावर तो अजून सर्वांना बाद करत होता, आणि मैदानावर तो नव्हताच. त्याचे पुढचे कार्ड निघालेच नाही. ज्याने कार्डाबरोबर बातमीही वाचली, तो सावध झाला. ज्याने नुसते कार्ड पाहिले, तो पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने बसला.

बेसबॉलचे खेळाडू सरासरीने सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत चांगले खेळतात, असे बिल जेम्स यांना अभ्यासात आढळले. सरासरी म्हणजे प्रत्येकाचे तसेच होते असे नाही. पण संघ बांधणाऱ्याने हा आकडा मनात ठेवावा. आपल्या संघाची यादी घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे वय लिहा. बहुतेक जण ३० च्या पुढचे असतील आणि संघ तरीही बारावा असेल, तर काळ तुमच्या बाजूने नाही. बहुतेक जण २४-२५ चे असतील आणि संघ बारावा असेल, तर तुमची बांधणी आधीच सुरू झाली आहे. मग मोडायचे कशाला?

तिसरा प्रश्न : आपण काय देतो आहोत आणि काय घेतो आहोत?

अदलाबदल म्हणजे आजचा दिवस देऊन उद्याचा घेणे, किंवा उद्याचा देऊन आजचा घेणे. दोन्ही बाजूंना ती शहाणपणाची असू शकते. १९८७ च्या ऑगस्ट महिन्यात खऱ्या बेसबॉलमध्ये घडलेली गोष्ट ऐका.

डेट्रॉइट टायगर्स हा संघ तेव्हा आपल्या गटात पहिल्या क्रमांकासाठी झुंजत होता. त्याला एका अनुभवी पिचरची गरज होती. अटलांटा ब्रेव्हज हा संघ मागे पडला होता. त्याच्याकडे डॉइल अलेक्झांडर नावाचा ३६ वर्षांचा पिचर होता. टायगर्सनी तो मागितला आणि बदल्यात २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. त्या वर्षी खालच्या दर्जाच्या स्पर्धेत स्मोल्ट्झ चार सामने जिंकला होता आणि दहा हरला होता. असा मुलगा देण्यात टायगर्सना फारसे काही वाटले नसेल.

अलेक्झांडरने कमाल केली. तो टायगर्ससाठी नऊ सामने जिंकला आणि एकही हरला नाही. टायगर्सनी ९८ सामने जिंकून गटात पहिला क्रमांक मिळवला. टोरोंटोचा संघ ९६ वर राहिला. फरक फक्त दोन सामन्यांचा! अलेक्झांडर नसता तर हे यश मिळाले नसते. पण पुढच्या फेरीत टायगर्स मिनेसोटाच्या संघाकडून हरले. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, त्याच टायगर्सनी १०३ सामने गमावले. अलेक्झांडर त्या हंगामानंतर निवृत्त झाला.

आणि स्मोल्ट्झ? अटलांटाचा संघ १९८८ मध्ये १०६ सामने हरला. १९८९ आणि १९९० मध्ये दरवर्षी ९७ हरला. १९९१ मध्ये मात्र तोच संघ थेट अंतिम फेरीत पोचला. १९९५ मध्ये तो विजेता झाला. १९९६ मध्ये स्मोल्ट्झ २४ सामने जिंकून आपल्या लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. २०१५ साली त्याचा बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या दालनात समावेश झाला.

मग टायगर्स चुकले का? घाईने ‘हो’ म्हणू नका. त्यांनी १९८७ विकत घेतले आणि ते त्यांना मिळाले. अटलांटाने १९९१ विकत घेतले आणि त्यांनाही ते मिळाले. आपण कोणते वर्ष विकत घेतो आहोत, हे दोघांना माहीत होते. चूक त्याची, ज्याला हे माहीतच नसते. बारावा आलेला संघ म्हातारा पिचर विकत घेऊ लागला, तर त्याला या वर्षीचे यशही मिळत नाही आणि उद्याचा खेळाडूही हातचा जातो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले!

पण मुलांनो, तरुण खेळाडू घेतले की यश मिळतेच, असेही समजू नका. ह्यूस्टन अॅस्ट्रोज या संघाने आपले नावाजलेले खेळाडू देऊन तरुण खेळाडू जमवले. त्या काळात त्याने २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने गमावले. सर्वांत शेवटी आल्यामुळे २०१३ च्या निवड-फेरीत त्याला पहिली निवड मिळाली. त्याने मार्क अॅपेल हा पिचर घेतला. दुसरी निवड शिकागो कब्जची होती. त्यांनी क्रिस ब्रायंट हा फलंदाज घेतला. ब्रायंट २०१६ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी कब्जनी १०८ वर्षांनंतर विजेतेपद मिळवले. अॅपेल मात्र ह्यूस्टनसाठी मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. त्याचा पहिला मुख्य सामना २०२२ साली, दुसऱ्याच संघाकडून झाला. पहिली निवड म्हणजे पहिला हक्क; पहिले यश नव्हे.

ह्यूस्टनचा संघही २०१७ मध्ये विजेता झाला. पण त्या हंगामात त्यांनी कॅमेऱ्याच्या मदतीने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या होत्या, हे पुढे उघड झाले आणि २०२० मध्ये संघाला शिक्षा झाली. इतकी वर्षे सोसून मिळवलेल्या यशाला कायमचा डाग लागला.

आणि पिट्सबर्ग पायरेट्स? हा संघ १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरला. त्या काळात जन्मलेली मुले महाविद्यालयात गेली, तरी त्यांनी आपल्या संघाचा एकही चांगला हंगाम पाहिला नव्हता. ‘आपण बांधणी करतो आहोत’ असे म्हणणे सोपे असते. बांधणी कधी संपणार, हे ठरवणे अवघड असते. म्हणून संघ मोडायचा असेल तर आधीच कागदावर लिहून ठेवा : किती वर्षे? कोणते खेळाडू राखणार? दोन वर्षांनी काय दिसले तर योजना बरोबर आहे असे मानणार?

अर्धे मोडायचे आणि अर्धे राखायचे, हा मार्ग गोड वाटतो. एक म्हातारा दिला, एक म्हातारा घेतला. एक तरुण घेतला आणि लगेच तो दुसऱ्याला दिला. अशाने संघ दरवर्षी नववा, दहावा येतो. पहिला क्रमांकही नाही आणि पहिली निवडही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कार्डांना दुःख होत नाही. तुम्ही पिचर दिला तर त्या खऱ्या खेळाडूला ते कळणारही नाही. पण साखळीतले बाकीचे अकरा व्यवस्थापक जिवंत माणसे आहेत. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते तुमच्याविरुद्ध खेळायला बसतात. संगणक येण्यापूर्वी अनेक साखळ्या टपालाने चालत. पाहुणा व्यवस्थापक आपल्या सूचना लिहून पाठवी आणि यजमान आपल्या घरी एकटाच बसून दोन्ही संघांसाठी फासे टाकी. कोणी पाहत नसे. तरीही तो आपल्याविरुद्ध पडलेला फासा तसाच नोंदवी आणि निकाल पाठवी. दुसऱ्याचा संघ म्हणजे त्याच्याकडे ठेवलेली अमानत होती. साखळी टिकली ती या विश्वासावर.

म्हणून संघ मोडणे वेगळे आणि मुद्दाम हरणे वेगळे. उद्यासाठी आजचा खेळाडू देणे हा तुमचा हक्क आहे. पण पहिली निवड मिळावी म्हणून चांगला फलंदाज बाकावर बसवणे, दमलेल्या पिचरला मुद्दाम पुढे करणे, हा तुमचा हक्क नाही. तुम्ही एका संघाला सामना फुकट दिलात की त्याच्याशी झुंजणाऱ्या दुसऱ्या संघाचा तुम्ही तोटा केलात. ५८ सामने जिंकणारा संघसुद्धा पहिला कोण येणार हे ठरवत असतो. दोन-तीन व्यवस्थापक असे वागू लागले की बाकीचे कंटाळतात, एकेक जण सोडून जातो आणि वीस वर्षांची साखळी मोडते. मग तुमचे तरुण खेळाडू मोठे होऊन खेळणार कुणाशी?

तर त्या पत्राला काय उत्तर द्यायचे? तुम्ही पहिला हिशेब केला : हार नशिबाची नाही. तुम्ही दुसरी यादी केली. समजा, तिच्यात बहुतेक नावे ३० च्या पुढची निघाली. मग तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड राहत नाही. पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा सामना सुरू करतो. तुमचा पिचर कितीही चांगला असला तरी बाराव्या संघाला तो एकटा पहिला करू शकत नाही. तुम्ही पुन्हा वर याल तेव्हा तो ३६-३७ वर्षांचा असेल. पहिल्या संघाला मात्र तो आजच हवा आहे. म्हणून माझे मत असे : पिचर द्या. पण दोन कच्च्या मुलांवर समाधान मानू नका, कारण कच्च्या फळांतली सगळीच पिकत नाहीत. त्या संघाची पुढच्या वर्षीची एक निवडही मागा. आणि पिचर दिल्यावर जो संघ उरेल, त्याला घेऊन प्रत्येक सामना जिंकण्यासाठी खेळा.

तुमचे मत वेगळे असू शकते. तुम्ही म्हणाल, ‘आमची ओळख ज्याच्यामुळे आहे, त्याला आम्ही देणार नाही. बारावे आलो तरी चालेल.’ खेळ शेवटी आनंदासाठी असतो, तेव्हा हेही उत्तर खोटे नाही. मात्र मग पुढच्या वर्षी बारावे आल्यावर फाशांना दोष देऊ नका. निर्णय आपला, तर हारही आपली.

उर्दूत आपण म्हणतो, ‘सब्र का फल मीठा होता है.’ ते खरेच आहे. पण सब्र म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. आधी हिशेब, मग निर्णय आणि त्यानंतर सब्र. हा क्रम चुकला की फळ गोड लागत नाही.

शब्दार्थ

उणीव – कमतरता
रकाना – कागदावरचा उभा भाग, खाना
साखळी स्पर्धा – प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो अशी स्पर्धा
नवोदित – नुकताच पुढे आलेला
अदलाबदल – एक देऊन दुसरे घेणे
नामांकित – प्रसिद्ध
घात करणे – नुकसान करणे, दगा देणे
निकामी – काम न देणारा
झुंजणे – जोराने सामना करणे
अमानत – विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, ठेव
धुपाटणे – धूप जाळण्याचे भांडे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्ट्रॅट-ओ-मॅटिक हा खेळ कोणी व कोणत्या साली बाजारात आणला?
(आ) दोन फाशांची ७ ही बेरीज किती प्रकारे येते?
(इ) सँडी कूफॅक्सने खेळ का सोडला?
(ई) सलग वीस हंगाम कोणता संघ हरत राहिला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘कार्डावर काल छापलेला असतो. उद्या छापलेला नसतो.’ या वाक्यांचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) १९८७ च्या अदलाबदलीत टायगर्सना काय मिळाले आणि अटलांटाला काय मिळाले?
(इ) संघ मोडणे आणि मुद्दाम हरणे यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?

३. हिशेब करा.
एका संघाने ८०० धावा केल्या आणि ६०० धावा दिल्या. पाठातील सूत्राप्रमाणे १६२ सामन्यांपैकी त्याने साधारण किती जिंकायला हवेत? तो संघ प्रत्यक्षात ९० सामने जिंकला असेल, तर त्याच्या व्यवस्थापकाला तुम्ही कोणता सल्ला द्याल?

४. पुढील म्हणींचा अर्थ सांगा. अशाच अर्थाची उर्दू म्हण माहीत असल्यास वर्गात सांगा.
(अ) तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले.
(आ) एक ना धड, भाराभर चिंध्या.

५. हिशेब, फायदा, नुकसान, जमा, बाकी, अमानत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. त्यांचा उच्चार दोन्ही भाषांत कसा होतो ते मोठ्याने म्हणून पाहा. प्रत्येक शब्द वापरून एक मराठी वाक्य लिहा.

६. उपक्रम
पाठातील पत्राला तुम्ही काय उत्तर द्याल? व्यवस्थापकाच्या नावे दहा ओळींचे पत्र मराठीत लिहा. पिचर देणार की नाही ते सांगा आणि त्याची दोन कारणे द्या.